सोमवारचं रक्त

१

शाळेच्या आरोग्य तपासणीचा रिपोर्ट टिल्लूच्या आईने आधी उभ्या उभ्या वाचला. मग खुर्ची ओढून, बसून पुन्हा वाचला. "लिव्हरचे दोन आकडे वाढलेले. तज्ज्ञांना दाखवावे."

टिल्लू हे नाव मामाने तो पाळण्यात असताना ठेवलेलं. आता टिल्लू सोळा वर्षांचा होता आणि बाथरूमच्या दारातून वाकून आत जायचा, पण नाव काही त्याच्याबरोबर वाढलं नव्हतं. घरात मायलेक दोघंच. आई दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. दिवसभर अनोळखी माणसांचे प्लास्टरचे जबडे हातात घेऊन दात बसवायचे, घासायचे, चकाकी आणायची. हात स्थिर म्हणून तिचा लौकिक होता. त्या दिवशी मात्र तिला तो कागद टेबलावर ठेवून वाचावा लागला.

कारण हे आकडे तिच्या ओळखीचे होते. टिल्लू आठ वर्षांचा असताना त्याचा बाप लिव्हरनेच गेला होता. दारूने.

"तुला कुठे दुखतंय का?" तिने विचारलं.

"नाही."

"मळमळ? भूक नाही लागत?"

"आई, मी आत्ता सात पोळ्या खाल्ल्या."

तेही खरंच होतं. तरी तो आंघोळीला गेल्यावर तिने त्याचा शर्ट हुंगला. दप्तर हुंगलं, उशी हुंगली. घामाशिवाय कसलाच वास नव्हता. वास आला नाही म्हणून हायसं वाटावं, तर नवऱ्याच्या वेळीही सुरुवातीला वास आला नव्हता, हे आठवलं आणि तिची झोप उडाली.

सोमवारी लॅबला सुट्टी असायची. त्या सोमवारी ती त्याला घेऊन रक्त द्यायला गेली. दोन्ही आकडे आधीपेक्षा वर चढले होते.

२

डॉक्टरीणबाई लिव्हरच्या मोठ्या तज्ज्ञ होत्या आणि त्यांना उजव्या कानाने ऐकू यायचं नाही. म्हणून त्या प्रत्येकाला डाव्या बाजूला स्टुलावर बसवायच्या आणि मान कलती करून ऐकायच्या. मोठ्याने बोलायचं असलं की माणूस तोलून मापून बोलतो. इथे कानाशी बोलावं लागे, त्यामुळे येणारे जरा जास्तच खरं बोलून जात.

टिल्लूच्या आईने काही न विचारता सगळं सांगितलं. नवऱ्याचं, दारूचं, उशी हुंगल्याचंसुद्धा.

डॉक्टरीणबाईंनी मुलाला तपासलं. डोळे पांढरेशुभ्र, पोट मऊ. सोनोग्राफी स्वच्छ आली. काविळीच्या सगळ्या जातींच्या तपासण्या कोऱ्या आल्या.

"विचित्र आहे," त्या म्हणाल्या. "चोरी झाली आहे, पण कुलूप शाबूत आहे. लिव्हर बिघडलं की चार-पाच आकडे मिळून बिघडतात. याचे दोनच वर गेलेत, बाकीचे शहाण्यासारखे जागेवर बसलेत."

"म्हणजे पितो का तो?"

"त्याने नाही म्हटलंय. पण पोरं माझ्यासमोर नाहीच म्हणतात. आपण कोणावरच विश्वास ठेवायचा नाही आणि कोणावर आळही घ्यायचा नाही. याच्या पोटात काय काय जातं, ते घालणारी माणसं कोण, त्यांना एकेक करून माझ्याकडे पाठवा. आणि घरी गेल्यावर सगळी कपाटं उघडून बघा."

आईने कपाटं उघडली. टिल्लूच्या मोज्यांच्या खणात, मागे सारलेली एक पत्र्याची डबी सापडली. आत तपकिरी भुकटी होती.

३

डबी मावशीची होती.

मावशी म्हणजे टिल्लूच्या आईची मोठी बहीण. बालवाडीत शिकवायची, आणि जगातल्या प्रत्येक माणसाला नाक पुसून द्यायची गरज आहे असं तिला वाटायचं. स्टुलावर बसल्या बसल्या तिने डॉक्टरीणबाईंच्याच सर्दीवर उपाय सांगितला.

"भुकटीचं बोला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"स्मरणशक्तीची आहे हो ती. मुळ्यांची. परीक्षा आली पोराची. रोज एक चमचा, आईला सांगू नकोस म्हटलं. ती लगेच डोकं खाते."

"कोणत्या मुळ्या?"

मावशी प्रथमच थांबली. "देणारा माणूस चांगला आहे," ती म्हणाली.

"माणूस चांगलाच असेल. मुळ्यांचं काय?"

भुकटी त्याच दिवशी बंद झाली. परीक्षा उरकली तेव्हा, तीन आठवड्यांनी, पुन्हा रक्त काढलं. आकडे जवळजवळ ठिकाणावर आले होते.

टिल्लूच्या आईने रिक्षातूनच बहिणीला फोन लावला आणि कित्येक वर्षांचं साचलेलं ऐकवलं. "ताई, माझं एकुलतं एक पोर आहे," शेवटी ती म्हणाली. "तू त्याच्यावर मुळ्यांचे प्रयोग काय करतेस?" पलीकडून मावशी रडली आणि फोन ठेवला. चोर सापडला, असं दोघींनाही वाटलं.

परीक्षेनंतरच्या सोमवारी, नुसती खात्री म्हणून, आईने पुन्हा रक्त द्यायला लावलं.

आकडे आधीच्या सगळ्या वेळांहून वर होते.

४

"ताईची माफी मागायला हवी," टिल्लूची आई म्हणाली.

"मागा. भुकटी मात्र परत आणू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता मामाला पाठवा."

मामा जिम चालवायचा. त्याचे दंड शर्टाच्या बाहीत मावत नसत आणि सुई बघितली की त्याला घेरी यायची. तो दवाखान्यात शिरला तोच भिंतीला धरून.

"तुम्ही भाच्याला पावडरी देता?"

"आईशप्पथ नाही. टिल्लूच्या आईने मला आधीच बजावलंय. आणि तो जिममध्ये येतोच कुठे? कितीदा म्हटलं, बाबा, उंची वाढली, आता जरा अंगावर मांस धर. तर हसतो."

"कधीच आला नाही?"

मामाने डोकं खाजवलं. "एकदा आला होता. वजनं उचलताना कमरेला बांधतात तो रुंद पट्टा असतो ना, तो मागायला. म्हटलं कशाला, तर म्हणे शाळेच्या नाटकात हवाय. दिला एक जुना. अजून परत नाही आला."

"शाळेत नाटक होतं?" डॉक्टरीणबाईंनी मान वळवून आईला विचारलं.

"माझ्या तरी कानावर नाही."

डॉक्टरीणबाईंनी सगळे रिपोर्ट काढून त्यांच्या तारखा चाळल्या. मग त्यांनी भलतंच विचारलं. "तुम्ही रक्त नेहमी सोमवारीच का देता?"

"सोमवारी मला सुट्टी असते."

"या वेळी शनिवारी द्या. आणि नंतरच्या सोमवारी पुन्हा. मधे काहीही बदलू नका. त्याला काही विचारूही नका."

शनिवारी आकडे निम्म्यावर आले होते. दोन दिवसांनी, सोमवारी, ते दुपटीहून वर गेले.

दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लिव्हरला वार कळत नाहीत. रविवारी हा मुलगा काय करतो?"

"रविवारी? अभ्यासाला जातो, मित्राकडे. सकाळी जातो तो दुपारी येतो."

"मित्राला आणा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

५

मित्राला सगळे चष्मिस म्हणत. तो स्टुलावर बसला आणि पहिल्याच मिनिटाला त्याच्या चष्म्याच्या काचांवर वाफ धरली.

"रविवारी टिल्लू तुझ्याकडे असतो?"

"हो."

"काय शिकता?"

"गणित." थोडं थांबून, "भूगोल."

"मागच्या रविवारी भूगोलात काय झालं?"

चष्मिसने चष्मा काढून पुसला. पुन्हा घातला. टिल्लूची आई दाराशी उभी होती. तिच्याकडे बघून तो म्हणाला, "काकू, तो येत नाही. कधीच आला नाही. मला फक्त हो म्हणायला सांगितलंय."

आई दारातून आत आली. "पितो का रे तो? मला खरं सांग. मी रागावणार नाही."

"टिल्लू?" चष्मिसला एवढं नवल वाटलं की त्याची भीती गेली. "काकू, गॅदरिंगनंतर कुणीतरी बाटली आणली होती, तर तो उठून घरी गेला. वाससुद्धा सहन होत नाही त्याला. मलाही ओढून नेलं."

आईने चष्मिसच्या डोक्यावरून हात फिरवला. डॉक्टरीणबाई चष्मिसकडे वळल्या. "सोमवारी शाळेत तो कसा असतो?"

"म्हातारा असतो."

"म्हणजे?"

"म्हणजे चालतो तसा. बाकावर बसताना हात टेकून बसतो. आमचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे. जिना चढताना काही नाही, पण उतरताना कठडा धरून, एकेक पायरी, तोंड वाकडं करत उतरतो. आम्ही हसतो त्याला. बुधवारपर्यंत ठीक होतो."

"चढताना नाही, उतरताना," डॉक्टरीणबाई स्वतःशीच म्हणाल्या. त्यांनी ताबडतोब आत फोन केला आणि सोमवारच्या उरलेल्या रक्तातून आणखी एक तपासणी करायला सांगितली.

संध्याकाळी तिचा निकाल आला. त्या तपासणीचा लिव्हरशी काहीएक संबंध नव्हता, आणि निकाल असायला हवा त्याच्या चाळीसपट होता.

६

दुसऱ्या दिवशी मायलेक दोघंही समोर बसले. टिल्लूने हात मांड्यांखाली दाबले होते.

"आधी चांगली बातमी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "याचं लिव्हर निर्दोष आहे. आपण इतके दिवस भलत्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं."

आईला कळेना. "पण ते आकडे?"

"ते दोन पदार्थ लिव्हरमध्ये असतात तसे स्नायूंमध्येही असतात. स्नायू फाटले की तेही रक्तात सांडतात. फक्त लिव्हरचे म्हणून जे आकडे आहेत ते कधी हललेच नाहीत. म्हणून काल मी निव्वळ स्नायूंची तपासणी केली. चोर तिथे आहे."

"आणि वाईट बातमी?"

"वाईट नाही, अर्धवट आहे. स्नायू दोन कारणांनी एवढे फाटतात. एक, त्यांचाच काही आजार. दोन, अफाट मेहनत. आजार असेल तर त्याला रविवार कळणार नाही. मेहनत असेल तर ती काय हे मला कळायला हवं, कारण स्नायू फार फाटले तर त्याचा गाळ मूत्रपिंडात अडकतो. टिल्लू, लघवी कधी काळपट झाली होती?"

"एकदा," टिल्लू हळूच म्हणाला. "परीक्षेनंतर."

आईने त्याच्याकडे बघितलं.

"काय करतोस रविवारी?"

टिल्लूने मांड्यांखालचे हात आणखी आत सारले.

"बरं. मग मी सांगते, चुकलं तर थांबव." डॉक्टरीणबाईंनी त्याला शर्टाची वरची बटणं उघडायला सांगितली. गळ्याच्या हाडांखाली, दोन्हीकडे, चार चार पुसट पिवळे डाग होते. "मी पहिल्यांदा तपासलं तेव्हाही इथे असेच डाग होते, पुसट निळे. मला वाटलं, मस्ती केली असेल. हे बोटांचे वळ आहेत. कुणीतरी मागून घट्ट धरतं. मारायला नाही. पडू नये म्हणून."

टिल्लूने बटणं लावून टाकली.

"जिना चढताना मांडी दुखत नाही, उतरताना दुखते. ओझं घेऊन खाली उतरणाऱ्याचे स्नायू असेच फाटतात, चढणाऱ्याचे इतके नाही. म्हणजे हा वजन घेऊन उंचावरून उतरतो. पोतं असतं तर त्याला बोटं नसती. म्हणजे ते माणूस आहे, आणि ते घाबरतं. पट्टा त्याला पाठीशी बांधायला. परीक्षेत तू गेला नाहीस म्हणून आकडे उतरले, भुकटी त्याच वेळी थांबली तो योगायोग. परीक्षेनंतर राहिलेलं भरून काढायला गेलास."

"दोनदा उतरवलं त्या दिवशी," टिल्लूच्या तोंडून निघून गेलं. "सकाळी न्हाव्याकडे आणि मग बागेत."

"ज्याचे पाय चालत नाहीत असं माणूस. वरच्या मजल्यावर राहणारं. लिफ्ट नाही. आणि ज्याचं नाव आईसमोर काढायचं नाही." डॉक्टरीणबाई थांबल्या. "नाव मी सांगणार नाही. ते माझं काम नाही."

आईच्या चेहऱ्यावर आधी प्रश्न होता. मग तो हळूहळू गेला.

"आजोबा," टिल्लू म्हणाला.

ती उठून उभी राहिली. नवरा पितो हे सासऱ्यांना तिला कळण्याच्या वर्षभर आधी ठाऊक होतं, आणि त्यांनी तिच्यापासून लपवलं होतं. तेराव्या दिवसानंतर तिने त्यांना सांगितलं होतं, पुन्हा माझ्या दारात उभे राहू नका. ते राहिले नव्हते.

"किती दिवस जातोस?"

"वर्षभर. उचलायला लागलो ते आत्ता. त्यांचं खुब्याचं हाड मोडलं ना, तेव्हापासून खाली उतरलेच नव्हते. शेजारच्या बाई डबा देतात. खिडकीतून बाग दिसते, पण कोपराच दिसतो."

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

ती पुन्हा खाली बसली. टिल्लू तिच्याकडे वळला. "मी भांडायला नव्हतो गेलो गं. बाबा कसे होते ते विचारायला गेलो होतो. तू सांगत नाहीस. मला त्यांचं फक्त हॉस्पिटलच आठवतं. आजोबांनी सांगितलं, बाबा शिट्टीवर अख्खं गाणं वाजवायचे. पाण्याला घाबरायचे. मला हे कोणीतरी सांगायला हवं होतं ना?"

डॉक्टरीणबाई उठून खिडकीशी गेल्या आणि आपला बहिरा कान त्या दोघांकडे केला.

७

तीन आठवडे पूर्ण विश्रांती. मग पुन्हा तपासणी. तोवर आजाराची शंका फिटली असं म्हणता येणार नव्हतं.

पहिल्या रविवारी टिल्लू सकाळपासून घरात येरझारा घालत होता. शेवटी म्हणाला, "ते तयार होऊन बसले असतील. त्यांच्याकडे फोन नाही."

आईने चपला घातल्या. "मी सांगून येते. तू हलायचं नाहीस."

जिना अंधारा आणि चढा होता. मजल्यामागून मजला चढताना तिला धाप लागली, आणि प्रत्येक वळणावर एकच विचार येत राहिला: हा पोरगा माणूस पाठीवर घेऊन इथून उतरतो.

दार लोटलेलंच होतं. सासरे खरोखरच तयार होऊन बसले होते, केस विंचरून, कोट घालून. तिला बघून ते उठायला गेले. जमलं नाही.

"तो येणार नाही," ती म्हणाली. "त्याच्या रक्तात दोष निघाला. डॉक्टरांना आधी लिव्हर वाटलं."

म्हाताऱ्याचा चेहरा पांढरा पडला. "लिव्हर?"

"लिव्हर नाही. तुम्हाला उचलून उचलून स्नायू फाटलेत."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "त्याला सांग, म्हातारा म्हणाला, आता खाली यायचं नाही. मला इथून दिसतं तेवढं पुरे आहे." आणि ते कोटाची बटणं काढायला लागले. बोटं वाकडी झाली होती. एक बटण निघेना.

ती आणखी काही ऐकवायला आली होती. आठ वर्षं मनात घोटून ठेवलेली वाक्यं होती. ती बटणाकडे बघत उभी राहिली, मग पुढे होऊन तिने ते काढलं.

"तुम्ही मला तेव्हा सांगायला हवं होतं," ती म्हणाली.

"हो," ते म्हणाले.

जाताना तिने खिडकीतून खाली बघितलं. बागेचा खरंच कोपराच दिसत होता.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. स्नायूंचा आकडा जागेवर होता आणि ते दोन बदनाम आकडेही. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. "आजार नाही," त्या म्हणाल्या. "मुलगा ठणठणीत आहे. ओझं मात्र एकट्याने वाहायचं नाही."

त्या रविवारी जिन्यावर मोठी वरात निघाली. एका दणकट खुर्चीत आजोबा पट्ट्याने बांधलेले. खालची बाजू मामाने धरलेली. वरून खुर्चीची पाठ टिल्लूची आई आणि मावशी मिळून धरणार होत्या. मावशीशी समेट झाला होता, आणि ती आजोबांना मफलर नीट गुंडाळा म्हणून सांगत होती.

"सूनबाई, पाडशील मला," आजोबा म्हणाले.

"पाडायचं असतं तर आठ वर्षं कशाला थांबले असते? हात आत घ्या."

टिल्लूला हात लावायची बंदी होती. तो पुढे, उलट्या पावलांनी उतरत होता, आणि त्याला हा जिना तळहातासारखा पाठ होता. "मामा, इथली पायरी बुटकी आहे. आता वळण, डावीकडे घे, भिंतीत खिळा आहे. आई, इथे थांबा, आजोबांना इथे भीती वाटते."

सगळे थांबले. आजोबांचा हात मागे आला, चाचपडला आणि सुनेच्या मनगटावर घट्ट बसला. वळ उठेल इतका घट्ट.

"चला," ती म्हणाली. "धरलंय मी."